आधी बर्फ, मग जप्ती

मंगळवारी सकाळी मैत्रीच्या दाराची बेल वाजायला लागली ती थांबेचना. सुट्टीत साडेसातला उठवतात म्हणजे काय, असं पुटपुटत तिनं दार उघडलं, तर समोर समर्थ उभा. पायात चप्पल नाही, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि बारा मजले जिन्यानं चढून आल्यामुळे तोंडातून शब्द फुटेना.

"आत्याची होडी धरली," तो कसाबसा म्हणाला. "आत मासे सापडलेत. होडी जप्त झाली."

मैत्रीची झोप उडाली. जून लागून दोन आठवडेही झाले नव्हते आणि ही तिसरी होडी होती.

पुण्यात खराडीच्या पलीकडे कुरणाचा तलाव आहे. त्याच्या एका काठाला उंचच उंच सोसायट्या, दुसऱ्या काठाला बाभळी आणि मासेमारांची दहा-बारा घरं. जून लागला की या तलावात जाळं टाकायला बंदी. पावसाच्या तोंडावर मासळी अंड्यांवर येते, तेव्हा तिला धरायचं नाही, असा नियम. नियमाचं सोडा, वस्तीवरची माणसं नियम यायच्या आधीपासून हे पाळतात. मे संपला की होड्या काठावर ओढायच्या, पालथ्या घालायच्या, तळाला डांबर फासायचं आणि साखळीनं बाभळीला बांधून टाकायच्या. पाऊस सरेपर्यंत त्या तलावातला मासा कुणाच्या घरात शिजत नाही.

आणि नेमक्या याच दिवसांत एकेक होडी पाण्यात सापडत होती. पहाटे कुणीतरी मत्स्य खात्याला निनावी फोन करायचं. बद्रीनाथ नावाचे अधिकारी जीप घेऊन यायचे. लव्हाळ्यात एक होडी उभी असायची, आत बारीक छिद्रांचं जाळं आणि अंड्यांनी फुगलेल्या माशांचा ढीग. माणूस मात्र जवळपास कुणी नाही. होडीवर नंबर, नंबरावरून मालक, संपला तपास! पहिल्या होडीचा लिलाव होऊन ती भंगारात गेलीसुद्धा, आणि तिचा मालक आता हिंजवडीत एका कंपनीच्या फाटकावर रखवाली करतो. दुसऱ्या मालकानं भांडणंच सोडून दिलं. वस्तीवर माणसं एकमेकांकडे संशयानं बघायला लागली होती. संध्याकाळी पारावर बसणं बंद झालं होतं.

समर्थला त्याच्या प्रेमलाआत्यानं लहानाचं मोठं केलेलं. त्या तलावावर एकटीनं होडी चालवणारी ती एकमेव बाई. सोमवारी रात्री दोघं कसबा पेठेत एका हळदीला गेली होती, तिथंच झोपली, आणि पहिल्या बसनं परत येतात तो काय, साखळी तुटलेली आणि होडी गायब. होडी गेली तर आत्याचं काम गेलं, आणि आत्याला दुसरं कुठलंही काम येत नाही. समर्थनं हे सांगितलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मैत्रीनं त्याला पाणी दिलं, पायात चपला सरकवल्या आणि त्याला ओढतच लिफ्टकडे नेलं.

खाली राजनंदिनी भेटली. ही अकरा वर्षांची, तिघांत धाकटी, पण जिभेनं सगळ्यांत थोरली. जिथं आता सोसायट्या आहेत तिथं एके काळी तिच्या आजोबांची ज्वारी असायची. उरलेल्या जमिनीवर त्यांनी गाळे बांधून भाड्यानं दिले होते. तिघं एकाच शाळेत, आणि शाळा उघडायला अजून पाच दिवस होते.

तलावावर पोचले तेव्हा बद्रीनाथ चहाच्या टपरीवर बसून पंचनामा लिहीत होते. होडी तिथून हाकेच्या अंतरावर होती, पण चहा गरम होता, मग उठतंय कोण? टपरीवाल्यानं आणि एका दूधवाल्यानं न वाचताच पंच म्हणून सह्या ठोकल्या. आत्या सांगत होती की साखळी तोडलीय, बघा तरी. बद्रीनाथांनी "लिहितो, लिहितो" म्हणत पान उलटलं. लिहिलं काहीच नाही.

पलीकडे माशांचा लिलाव चालला होता. मासे नासतात, म्हणून जप्त मासळी तिथल्या तिथं विकून टाकायची असते. बोली लावायला एकच माणूस होता, रंगराव व्यापारी. पांढरा सदरा, हातात जाड कडं, आणि बोलणं असं गोड की ऐकताना अंगावर काटा यावा. मासे त्याच्या टेम्पोत बर्फावर चढत होते.

"तुम्ही होता म्हणून बरं, रंगराव," बद्रीनाथ म्हणाले. "फोन केला की वीस मिनिटांत हजर. नाहीतर हे मी कुठं घेऊन फिरलो असतो?"

आत्याच्या डोळ्यांसमोर तिच्या होडीला लाखेचं सील लागलं आणि ती खात्याच्या आवारात नेऊन ठेवली गेली. समर्थनं आत्याला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. त्याला भीती वाटली.

राजनंदिनी तेवढ्यात जीपशी उकिडवी बसून चाकाखालचं काहीतरी उकरत होती. जीप आल्यापासून बाभळीखाली एकाच जागी उभी होती. तिच्या पुढच्या चाकाखाली लाकडाचा भुसा होता, ओला.

"हा बर्फाचा भुसा आहे," ती हळूच म्हणाली. "आमच्या गाळ्यात बर्फाचा कारखाना आहे ना, तिथं लाद्यांवर हाच टाकतात."

"मग? टेम्पोतून सांडला असेल," मैत्री म्हणाली.

"जीप आल्यावर टेम्पो आला म्हणतात. मग भुसा जीपच्या खाली कसा गेला?"

मैत्रीनं मोबाइल काढून चाकाचे चार फोटो घेतले. बर्फ जीपच्या आधी आला होता. म्हणजे मासे सापडणार हे कुणाला तरी आधीच ठाऊक होतं.

इतक्यात मागून मोटरसायकलचा आवाज आला आणि बंद झाला. विक्रम होता, रंगरावाचा माणूस. गाडीवरून न उतरता तो तिघांकडे बराच वेळ बघत राहिला.

"सुट्टी हाय तर मॉलमधी जावा की," तो म्हणाला. "हितला गाळ लई वाईट. पाय अडकला तर मानूस हाताला लागत न्हाई."

तो हसला नाही, रागावलाही नाही. नुसतं सांगून निघून गेला. परत जाताना तिघांपैकी कुणीच बोललं नाही, आणि राजनंदिनी गप्प बसते म्हणजे प्रकरण किती गंभीर ते तुम्हीच समजा.

मैत्रीची आई, दीपाली, वकील होती. घरच्याच एका खोलीत तिचं ऑफिस, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली कायद्याची जाडजूड पुस्तकं. आत्याला मिळालेली नोटीस तिनं दोनदा वाचली. शुक्रवारी अकरा वाजता सुनावणी. मालकानं नीट काळजी घेतली होती आणि होडी त्याच्या नकळत दुसऱ्यानं नेली, हे दाखवता आलं तर होडी सुटेल. नाही दाखवता आलं तर होडी सरकारजमा, परवाना रद्द. पंचनाम्यात साखळीचा उल्लेखच नाही, तेव्हा अवघड आहे, असं ती म्हणाली. भुशाचे फोटो तिनं पाहिले, पण तेवढ्यानं काही होणार नाही, म्हणाली. मग तिचा फोन वाजला आणि ती दुसऱ्याच कुणाच्या तरी भांडणात बुडून गेली.

बुधवारी दुपारी तिघं बर्फाच्या कारखान्यात गेले. आभाळ भरून आलेलं, वारा ठप्प, आणि आत शिरताच अंगाला थंडी झोंबली. कारखाना चालवणारे माधवकाका म्हणजे अस्सल पुणेरी.

"गोळा मिळणार नाही. कारखाना आहे, जत्रा नाही," त्यांनी दारातच सांगून टाकलं.

राजनंदिनीनं आजोबांचं नाव पुढं केलं, सुट्टीतला प्रकल्प असल्याची थाप मारली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिच्या तडाख्यात सापडलेला माणूस सुटत नाही. लादी किती तासांत बनते, किती तासांत वितळते, कोण कोण नेतं. माधवकाका वैतागून म्हणाले की सगळं त्या फळ्यावर लिहिलंय, वाचता येत असेल तर वाचा.

भिंतीवर काळा फळा होता. उद्या कुणाला किती लाद्या, गाडी किती वाजता, माल कुठं जाणार, ते खडूनं लिहिलेलं. समर्थनं वरून खाली वाचत आणलं आणि सहाव्या ओळीवर तो थांबला. रंगराव. आठ लाद्या. पहाटे चार. कुरणाचा तलाव.

बंदीच्या दिवसांत त्या तलावावर बर्फाचं काय काम? मासेच नाहीत तर बर्फ कशाला? समर्थ मासेमाराच्या घरात वाढला होता, म्हणून त्याला ते चटकन कळलं. रंगरावाचं गणितही त्याच्या डोळ्यांसमोर स्पष्ट झालं. मासे चोरून धरायचे ते दुसऱ्याच्या होडीत. मग आपणच खात्याला फोन करायचा. खातं मासे जप्त करणार, लिलाव करणार, आणि एकटा रंगराव ते विकत घेणार, सरकारी पावतीसकट. चोरीचा माल अर्ध्या तासात धुऊन स्वच्छ! बंदीत बाजारात दुसऱ्या कुणाकडे मासा नाही, आणि याला कुणी हात लावू शकत नाही. फक्त एक गोष्ट त्याला टाळता येत नव्हती. व्यापारी माणूस, बर्फाशिवाय माशाला हात लावणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. म्हणून तो मासे धरायच्या आदल्या दिवशीच बर्फ सांगून ठेवायचा.

मैत्रीनं फळ्याचा फोटो घेतला. मग तिघं पळत बद्रीनाथांच्या कचेरीत गेले. त्यांनी फोटो हातभर लांब धरून पाहिला.

"बर्फ घेणं हा अजून तरी गुन्हा नाही," ते म्हणाले. "झाला, की पहिलं तुम्हाला कळवीन."

दीपालीनं मात्र तो फोटो पाहिला आणि हातातली फाइल मिटली. तिनं बद्रीनाथांच्या वरिष्ठ, मुक्ताई मॅडम, यांना फोन लावला, आणि मग फोटो जोडून रीतसर पत्र पाठवलं. उद्या सकाळी आपल्या खात्याला निनावी फोन येईल, तलावात एक होडी सापडेल, आत मासे असतील आणि रंगराव व्यापारी लिलावाला हजर असतील. त्यांचा बर्फ आजच सांगून झाला आहे. एवढंच. पत्रावर वेळ पडली, सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मॅडमनी फोनवर इतकंच सांगितलं होतं की तसं खरंच घडलं तर त्या स्वतः येतील, आणि मुलांनी तलावाकडे फिरकायचं नाही.

मैत्री आणि राजनंदिनी खूश झाल्या. समर्थ झाला नाही.

"उद्या कुणाची होडी नेतील?" त्यानं विचारलं.

कुणालाच हे सुचलं नव्हतं. काठावरच्या रांगेतून होड्या ओळीनं जात होत्या, आणि आत्याच्या रिकाम्या जागेशेजारी संपतआबांची होडी होती. आबा पंच्याहत्तरीचे, घरात एकटे. त्यांना सांगितलं तर ते होडी हलवतील आणि सापळा फसेल. नाही सांगितलं तर समर्थ त्यांच्याशी तेच करणार, जे कुणीतरी त्याच्या आत्याशी केलं. तो अर्धा तास कठड्याला टेकून बसला. मग उठला आणि सरळ आबांच्या घरी गेला. आत्याला काही सांगितलं नाही, कारण ती वल्हं घेऊन रातोरात रंगरावाच्या दारात उभी राहिली असती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"न्हेऊ दे," ते म्हणाले. "प्रेमलाची सुटंल ना? मग न्हेऊ दे."

गुरुवारी पहाटे पाच वाजता आबा आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढले. होडीत चढतात तसं आधी एक पाऊल टाकून, तोल बघून, मग दुसरं. बाराव्या मजल्याच्या गॅलरीत दीपालीनं दिवा लावू दिला नाही. आबा, दीपाली, मैत्री आणि समर्थ, चौघं खाली बघत बसले. पाणी काळं होतं आणि हलत नव्हतं. बाभळीखाली रंगरावाचा टेम्पो आधीच उभा होता. मैत्रीनं फोटो घेतला. पाच वाजून आठ मिनिटं.

मग जरा फटफटलं, तशी काठावर दोन माणसं दिसली. लोखंड तुटल्याचा बारीकसा आवाज वर आला. पालथी होडी उलथली, पाण्यात गेली. आबांनी गॅलरीचा गज धरला होता, तो त्यांनी सोडला नाही. होडी दोनदा तलावभर फिरली, जाळं ओढलं गेलं, आणि प्रत्येक खेपेला आत काहीतरी पांढरं तडफडताना दिसत होतं. समर्थला ओरडावंसं वाटत होतं. ते मासे अंडी घालायला काठाशी आले होते, आणि त्यांना तसंच उपसून काढत होते.

"वल्हवतोय तो इक्रम," आबा कुजबुजले. "उजवा हात आखडून मारतोय. मीच शिकवलं व्हतं त्याला, ल्हान असताना."

होडी लव्हाळ्यात शिरली. माणसं उतरली. त्यांतल्या एकानं मान वर करून सोसायटीच्या खिडक्यांकडे एकेक करून पाहिलं. चौघं खाली वाकले. राजनंदिनी इथं असती तर शिंकली असती, असं मैत्रीला वाटलं, पण तिला घरच्यांनी पहाटे सोडलं नव्हतं. वर बघणारा माणूस बराच वेळ तसाच उभा राहिला, मग वळला, आणि थोड्या वेळानं टेम्पोही निघून गेला.

सव्वासातला जीप आली. टपरीवरचा चहा हातात येतो न येतो तोच मागोमाग दुसरी गाडी. बद्रीनाथांनी मागं वळून पाहिलं आणि त्यांच्या हातातला चहा सदऱ्यावर सांडला, कारण दुसऱ्या गाडीतून मुक्ताई मॅडम आणि दोन पोलीस उतरले.

आता मुलांना कोण अडवणार? लिफ्ट खाली पोचेपर्यंत समर्थला दम धरवेना. काठावर आत्यासुद्धा गर्दीत उभी होती. बद्रीनाथांचा फोन जाताच रंगराव टेम्पोसकट परत हजर झाला होता. मॅडम रंगरावाशी शांतपणे बोलत होत्या. बर्फ कधी आणला, एवढंच विचारत होत्या.

"आत्ताच, मॅडम. साहेबांचा फोन आला, तसा कारखान्यातून उचलला नि तडक आलो. देशसेवाच म्हणा ना."

समर्थ टेम्पोच्या फळीवर चढला आणि त्यानं भुसा बाजूला सारून लादीवर हात ठेवला.

"ही लादी आत्ताची नाही," तो म्हणाला. "ताज्या लादीचे कोपरे हाताला टोचतात. हिचे सगळे कोपरे झिजलेत, वरचा पांढरेपणासुद्धा गेलाय. हिला कारखान्यातून निघून तीन तास तरी झालेत. आत्याला विचारा. वस्तीवर कुणालाही विचारा."

कुणाला विचारायची गरज पडली नाही. पुढं आलेल्या पाच-सहा बायकांनी लादीला हात लावून माना हलवल्या. मॅडमनी माधवकाकांना फोन केला. गाडी चारला निघाली, फळ्यावर लिहिलंय, वाचता येत असेल तर येऊन वाचा, असं उत्तर आलं. मग मॅडमनी कालचं पत्र आणि पाच वाजून आठ मिनिटांचा फोटो रंगरावासमोर धरला. त्याच्या तोंडातला गोडवा आटला. विक्रम मोटरसायकलकडे सरकत होता, पोलिसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नवा पंचनामा झाला, आणि या वेळी बद्रीनाथांना चिखलात उभं राहून तो लिहावा लागला. तुटलेली साखळी, जाळं, मासे, टेम्पो, आठ लाद्या, सगळं त्यात आलं. लिलावाला वस्तीवरच्या एकानंही बोली लावली नाही. अंड्यांवरचे ते मासे सगळ्यांनी मिळून बाभळीखाली पुरले.

शुक्रवारी सुनावणीत मुक्ताई मॅडमनी आदेश वाचला. प्रेमलाची होडी परत, परवाना कायम. ज्यानं भांडणं सोडलं होतं त्याचीही होडी परत. जी भंगारात गेली तिचं काय, असं आत्यानं विचारलं. मॅडम म्हणाल्या की खात्याची चूक झाली, तसं मी लिहून देईन, पण होडी आणून देता येणार नाही. मग त्यांनी चष्मा काढून तिन्ही मुलांकडे पाहिलं.

"माझ्या खात्यात वीस वर्षं काढलेली माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "बर्फ आधी आला हे त्यांच्यातल्या एकाला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं. शाब्बास."

राजनंदिनीनं लगेच, भुसा मी पाहिला होता, असं स्पष्ट केलं. सगळे हसले. समर्थ हसला आणि मग त्यानं विचारलं, की संपतआबांची होडी कधी मिळणार.

दीपालीनं त्याच्याजवळ बसून समजावलं. ती होडी आता खटल्यातला मुद्देमाल होती. खटला संपेपर्यंत सील राहणार. वर्ष लागेल, कदाचित दोन. समर्थचा चेहरा पडला. आबांनी होडी जाऊ दिली होती ती त्याच्या शब्दावर, आणि हे त्यानं त्यांना सांगितलंच नव्हतं, कारण त्यालाच माहीत नव्हतं. तो सगळ्यांसमोर रडला. आबांनी त्याला रडू दिलं.

"मला ठावं व्हतं रं," ते म्हणाले. "चाळीस वरसं ह्या तळ्यावर काढली. सील लागल्यावर काय हुतं ते मी बघितलंय. तू मला इचारायला आलास, तेच लई झालं. तू आला नसतास तर मला राग आला असता."

आत्या खिडकीशी उभी होती. ती वळली आणि आबांच्या पुढ्यात येऊन थांबली.

"बंदी उठली की तुमी माज्या होडीत," ती म्हणाली. "म्होरं तुमी बसायचं, जाळं तुमी टाकायचं. मी वल्हवीन. आन् न्हाई म्हनायचं न्हाई."

आबांनी मान डोलावली.

बाहेर आवारात होडीचं सील तुटलं. होडी न्यायला सांगितलेला टेम्पो यायला वेळ होता, पण वस्तीवरची माणसं फाटकाशी आधीच जमली होती. दोन आठवडे एकमेकांशी न बोललेली माणसं. बारा जणांनी होडीखाली खांदे दिले, संपतआबांनी हट्टानं पुढची बाजू धरली, आणि भर रहदारीतून होडी तलावाकडे निघाली.